उजवा आरसा

माझा उजवा कान लहानपणी फुटला आणि कायमचा गेला. डावा ठणठणीत आहे. माझ्याशी बोलायचं तर डाव्या बाजूने बोलायचं, नाहीतर सरळ समोर यायचं, हे आमच्या घरी पाहुण्यांनासुद्धा ठाऊक असतं. निम्मं मी कानाने ऐकते, निम्मं समोरच्याच्या ओठांवरून उचलते. एवढ्यावर शाळा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं. कुठे काही अडलं नाही. अडायचं ते एकाच ठिकाणी, रस्त्यावर. ओव्हरटेक करणारा उजवीकडून येतो आणि त्या बाजूला मला कान नाही. तिथे मला आरसा आहे.

मी कृषी सहाय्यक आहे आणि मोटरसायकल चालवते. स्कूटी कावून नाही घेतली, असं विचारणाऱ्याने पावसाळ्यात आमच्या भागातल्या पांदण रस्त्याने एकदा स्कूटी नेऊन पाहावी. काळी माती चाकाला अशी बसते की शेवटी गाडी माणसाला नेत नाही, माणूस गाडीला नेतो. तर मी मोटरसायकल चालवते, आणि चांगली चालवते. हे मीच सांगितलं पाहिजे, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

भादव्यातली गोष्ट. दोन दिवस पाऊस उघडला होता, ऊन कडक पडलं होतं. एका शेतकऱ्याच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळी दिसते का ते पाहायला मी गेले होते. धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेला, गाडी डबल स्टँडवर लावली. तो म्हणाला, "म्याडम, स्टँडखाली चपटा गोटा ठेवा."

"राहू द्या जी," मी म्हटलं, "आलीच मी."

वरून जमीन वाळलेली दिसत होती. खाली लोणी होतं. काळी माती पाणी किती दिवस धरून ठेवते यावर मी गावोगाव भाषण देते, त्या दिवशीही दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी बोंड फोडून आत पाहत होते तेवढ्यात स्टँडचा उजवा पाय रुतला आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. मला आवाज आला नाही. शेतकऱ्याचा चेहरा पाहून कळलं.

आम्ही दोघांनी ती उचलली. उजवा आरसा गर्रकन फिरून भलतीकडे पाहत होता, हँडलचं उजवं टोक मातीत खुपसलं गेलं होतं. त्याच्या ड्रममधल्या पाण्याने मी वरवरची माती धुतली, आरसा सरळ केला, नट आवळला आणि निघाले. पांदणीत सगळं ठीक वाटलं. डांबरी रस्त्यावर येऊन वेग धरला तसा आरसा थरथरायला लागला. मागचा ट्रक आधी ट्रक होता, मग नुसता नारंगी ठिपका झाला, मग तोही पुसला गेला. मी वेग कमी करते आहे तोवर एक एसटी हातभर अंतरावरून मला मागे टाकून गेली. ती येते आहे हे मला ती शेजारी आल्यावर समजलं. मी गाडी बाजूला घेतली आणि मागचा रस्ता रिकामा होईपर्यंत वळून पाहत राहिले.

घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा अकोल्याला एका ऑफिसात आहे. आम्ही बडनेऱ्याला राहतो, तो रोज आगगाडीने जातो-येतो. गिअरची गाडी त्याला येत नाही आणि शिकायचीही हौस नाही. लग्न ठरलं तेव्हा त्याला माझा कान ठाऊक होता आणि गाडीही ठाऊक होती. त्याने एकदाही मना केलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याने ताटावरून हात मागे घेतला.

"बस झालं आता. आरशाच्या भरोशावर चालवत होती, तोच गेला. आता कायच्या भरोशावर चालवशीन?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने नट आवळला. थरथर तशीच. त्याने नवा आरसा लावला. तोही तसाच थरथरला. आरशाच्या बुडाशी रबराचा तुकडा घातला, तेव्हा जरा फरक पडल्यासारखा वाटला आणि रेल्वे फाटकापर्यंत जाईस्तोवर तो फरकही संपला. मी परत गेले तर त्याने पाना खाली ठेवला. "ताई, गाडीचं वय झालं. आरसा थर्थरनारच. सवय करून घ्या."

सवय करून घ्या! माझ्या कानाबद्दल डॉक्टरांनी हेच म्हटलं होतं आणि ती मी करून घेतली होती. दर वेळी मीच का सवय करून घ्यावी?

पण नवऱ्याला आता मिस्त्रीची साक्ष मिळाली. त्याच्या ऑफिसातला एक मित्र जुनी मोटरसायकल शोधत होता. त्याला दोन्ही कान होते, आरसा थरथरला काय नि नाही काय. "म्या बोललो त्याच्यासंगं," नवरा म्हणाला, "सोमवारी हो का नाही सांगतो म्हटलं. तुले गावात जायले भाड्याची मोटर लावू, कोणी सोडून देईन." तो माझ्या डाव्या बाजूला बसून, हळू आवाजात, समजावून सांगत होता. त्याला भीती वाटत होती हे मला दिसत होतं. पण 'कोणी सोडून देईन' हे शब्द मला लागले. इतक्या वर्षांत मला कोणी कुठे सोडून दिलेलं नाही. मी जाते.

रविवारी सकाळी मी गाडी अंगणातल्या फरशीवर डबल स्टँडला लावली, चालू केली आणि एक्सलेटर पिळत बसले. शेजारच्या काकू जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. आवाज डाव्या कानाने मलाही येत होता, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी आरशाकडे पाहत होते. आरशात आमचा कडुनिंब होता. वेग वाढवला की पानं एकमेकांत मिसळायची आणि हिरवा चिखल व्हायचा.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की माझ्या उजव्या तळव्याला मुंग्या येत आहेत. डाव्याला नाही.

ज्याला ऐकू कमी येतं त्याचा हात जास्त ऐकतो. माझे वडील रेल्वेत होते, आमचं क्वार्टर रुळांच्या जवळ. खिडकीच्या गजावर तळवा ठेवून मी गाडी येते हे माझ्या भावाच्या आधी सांगायची, आणि मालगाडी की पॅसेंजर तेही सांगायची. तो चिडून म्हणायचा, "हिले कानानं ऐकू येत नाही अन् हातानं येते." तेव्हा मला ते बोलणं टोमणा वाटायचं.

मी डावा हात उजव्या मुठीवर ठेवून पाहिला. त्यालाही मुंग्या आल्या. म्हणजे दोष हाताचा नव्हता. मग त्याच डाव्या मुठीत उजव्या हँडलचं टोक गच्च आवळून धरलं आणि आरशात पाहिलं. कडुनिंबाचं पान न् पान वेगळं झालं. मूठ सोडली, पुन्हा हिरवा चिखल. आवळली, पानं. सोडली, चिखल. मी वेड्यासारखी हसत होते. आरशाचा काहीच गुन्हा नव्हता! थरथरत होतं हँडल. आम्ही सगळे आठवडाभर आरशाच्या मागे लागलो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गाडी बंद करून मी दोन्ही टोकं पाहिली. डाव्या टोकाला लोखंडाचा जड गोळा असतो तो होता. उजव्या टोकाला काळं, गुळगुळीत, गोल काहीतरी होतं. मी ते रोज पाहत होते, मिस्त्रीनेही पाहिलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं तर ते भुसभुशीत झालं आणि खाली सांडलं. माती होती. गाडी पडली तेव्हा उजवा गोळा निसटून शेतातच राहिला होता, नळीत काळी माती ठासून भरली होती आणि उन्हाने वाळून तिचं झाकण झालं होतं. हँडल थरथरू नये म्हणून ते वजन टोकाला दिलेलं असतं. एका बाजूचं गेलं की ती बाजू थरथरणार, मग आरसा नवा असो की जुना. आमची माती अशी आहे, की ती कशाचंही सोंग घेते.

त्याच दुपारी मी अमरावतीला जाऊन स्पेअर पार्टच्या दुकानातून तसला गोळा आणला. नळी पूर्ण साफ केली, गोळा बसवला, आतला स्क्रू आवळला. गाडी चालू करून एक्सलेटर पिळला. कडुनिंब जागच्या जागी, एक पान हललं नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि भरपूर वाटला. मी नवऱ्याला हाक मारली.

त्याने आरशात पाहिलं, गोळ्याला हात लावला, पण तोंडावरची काळजी गेली नाही. "उभ्या गाडीचं काय. रोडवर राहीन तवा खरं."

"मंग रोडवरच पाहा," मी म्हटलं. सोमवारी माझी अकोल्याला मीटिंग होती. "उद्या आगगाडीनं नका जाऊ. माह्या मागं बसा. अकोल्यापर्यंत एकदा जरी आरसा हलला, त मीच माह्या हातानं चाबी देतो तुमच्या दोस्ताले."

तो बसला. हेल्मेट घट्ट बांधून, माझे खांदे धरून बसला. हायवेला लागलो आणि मी वेग धरला. थोड्या वेळाने डाव्या बाजूने त्याचं तोंड माझ्या कानाशी आलं. "मागं काय हाय?"

"पांढरी कार. टपावर ब्यागा."

खांद्यावरचा एक हात सुटला. तो वळून पाहत होता. पुन्हा हात बसला. आणखी पुढे गेल्यावर, "आता?"

"ट्रक. पिवळा. बंपरले लिंबू-मिरची. अंगावर येऊन राहिला, याले जाऊ देतो." मी डावीकडे सरकले, ट्रक पुढे गेला, लिंबू-मिरचीसकट. मूर्तिजापूरपर्यंत त्याने मला कितीतरी वेळा विचारलं आणि दर वेळी वळून खात्री केली. मूर्तिजापूरच्या पुढे विचारायचा, पण वळायचा नाही. बोरगाव आलं तेव्हा विचारणंही थांबलं होतं आणि हात खांद्यांवरून उतरून त्याच्या मांडीवर गेले होते.

ऑफिसच्या गेटाशी त्याचा तो मित्र पानाच्या पिचकारीसाठी जागा शोधत उभा होता. मला पाहून त्याने "जयभीम, वहिनी" केलं. मी उलट जयभीम केला. नवरा उतरला, हेल्मेट काढलं, आणि दोघं माझ्या मागे, उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. गाडी चालू, डोक्यावर हेल्मेट, आणि त्या बाजूचा कान मुळातच नाही. तो तिथे का गेला हे मला कळलं. मला ऐकू जाऊ नये असं काही त्याला बोलायचं होतं. पैज मी जिंकले होते, पण पैज त्याने मोठ्याने कबूल कुठे केली होती?

मी आरशात पाहिलं.

दोघं स्वच्छ दिसत होते. मित्राने काहीतरी विचारलं, गाडीकडे हनुवटी केली. नवऱ्याने डोळे मिटून मान हलवली. एवढ्याशा आरशात ओठ वाचता येतात असा माझा दावा नाही, पण या माणसाचं 'नाही' मी लग्नापासून पाहते आहे. ते पक्कं असलं की तो डोळे मिटतो.

मित्राचं समाधान झालं नसावं. तेव्हा नवऱ्याने डब्याची पिशवी पायापाशी ठेवली. हवेत हँडल धरल्यासारखी उजवी मूठ केली आणि ती गदागदा हलवून दाखवली. मग डाव्या हाताच्या बोटाने मुठीचं टोक ठोकलं. टोकात काहीतरी टोचून माती सांडल्याचं दाखवलं. मग गोळा बसवला, पिळला. मूठ हवेत स्थिर धरली, अगदी स्थिर. आणि दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या पाठीकडे केला. मित्राने तोंडाचा आ केला. गेटावरचा शिपाई जवळ आला, तर नवऱ्याने त्याच्यासाठी सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, मूठ हलवण्यापासून.

मला मीटिंगला उशीर होत होता. मी मागे वळले नाही, गाडीही बंद केली नाही. त्याचं सांगून होईपर्यंत आरशात पाहत बसले.