अण्णांचा कावळा

आमच्या घरात दोन मुके आहेत, असं माझे चुलते, तात्या, साऱ्या गावाला सांगायचे. एक अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दुसरा मी. मुके कसले! लागेल तेवढं बोलायचो; आम्हाला कमी लागायचं, एवढंच. पण आमच्या श्रीगोंदा तालुक्यात माणूस चार लोकांत मोठ्यानं बोलला नाही की त्याला काहीतरी झालंय असंच धरतात. "बोलणाऱ्याची माती बी विकती, न बोलणाऱ्याचं सोनं पडून ऱ्हातं," हे तात्यांचं ठरलेलं वाक्य. मी राहुरीला माती तपासायच्या नोकरीला लागलो तेव्हा म्हणाले, "आता मातीशी तरी बोलशील!"

अण्णांच्या दहाव्याला हे सगळं माझ्या गळ्याशी आलं. आमच्याकडे दहावा म्हणजे नदीकाठी मंडप, स्पीकर, प्रवचन आणि वर श्रद्धांजलीची भाषणं. शेवटी घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलायचे. घरचा म्हणजे मी. डोकं भादरून पुढं बसलो होतो आणि डोळे त्या माईकवरच. चार दिवस घास उतरत नव्हता. खरं सांगतो, त्यातला निम्मा वडलांच्या दुःखानं नव्हता. याची लाज वाटत होती ती वेगळीच.

आजी-माजी सरपंच, पुढारी सगळे बोलले. एकानं तर चिठ्ठीवरून अण्णांचं नाव वाचलं. हसतमुख काय, मनमिळाऊ काय! अहो, लग्नात अण्णा मंडपाबाहेर एखाद्या टेम्पोच्या सावलीला उभे राहायचे आणि सगळी पांगापांग झाली की शेवटच्या पंगतीला बसायचे. सहावीत पंधरा ऑगस्टला माझं भाषण अर्ध्यात अडकलं, सगळी शाळा हसली, तेव्हा ते मागंच उभे होते. गाडीवर बसवून त्यांनी मला काष्टीच्या बाजारात नेलं. एका कागदावर दोघांनी भेळ खाल्ली. त्या भाषणाविषयी ते तेव्हाही बोलले नाहीत, नंतरही नाहीत.

भाषणं चालू असतानाच नदीकडेला पिंड ठेवला होता. समोर बाभळीवर पाच-सात कावळे, पण खाली एकही येईना. अर्धा तास गेला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, असं आमच्याकडे मानतात. मग जो तो उठून पिंडापुढं वचनं द्यायला लागला. विहिरीचं काम पुरं करू, लेकीला अंतर देणार नाही, काळजी करू नका! गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ का?" बायकांत बसलेल्या आईनं जोरात मान हलवली. तसं झालं असतं तर ती उरलेलं आयुष्य झुरली असती.

तेवढ्यात तात्यांनी माईक हिसकावला. "अण्णा! तुझा जीव कशात अडाकलाय ते मला ठावं हाय. ह्या मुक्या पोरात! ऐक, मी शबुद देतो. ह्याला चार माणसांत बोलता करतो. आता शिव!"

सगळा मंडप माझ्याकडे वळला. कावळा यावा, आईसाठी यावाच. पण देवा, ह्या वचनावर नको! आत्ता आला तर जन्मभर मी म्हणजे बापाची राहिलेली इच्छा. आणि खरंच तसं असलं तर? एक कावळा खालच्या फांदीवर आला. "आला, आला!" असा गलका झाला आणि तो उडून परत शेंड्यावर गेला.

कसा उठलो मला ठाऊक नाही. तात्यांच्या हातातून माईक घेतला. आवाज असा कापत होता की माझा मलाच ओळखू येईना.

"अण्णांना गर्दी सोसत नव्हती. सगळे मागं सरा. कुणी काही बोलू नका."

आणि माईकचं बटण बंद केलं. लोक कुरकुरत मंडपामागं गेले. कुणी खोकलं, कुणाचा मोबाईल वाजला, मग तोही थांबला. एवढा वेळ गाव गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एक कावळा उतरला, तिरपा चालत आला आणि भातात चोच घातली. दहा दिवस कोरडी राहिलेली आई मोकळी होऊन रडली.

झालं! तात्यांनी मला मिठी मारली आणि माईक परत चालू केला. "बघितलं का मंडळी! पोरगं बोललं आन् कावळा शिवला! ह्येच्यासाठीच थांबला हुता माझा भाऊ!"

गाव अजून हेच सांगतं. सत्काराला, वाढदिवसाला मला दोन शब्द बोलायला बोलावतं. खुलासा करावा तर त्यालाही बोलणंच आलं.

पण त्या दिवशी घरी आल्यावर मला चैन पडेना. उठलो, बसलो, अंगणात चकरा मारल्या. शेवटी आईला विचारलं, "तात्या म्हणतात तसं असेल का गं? मी बोलावं म्हणून अण्णा थांबले होते?"

आईनं पदरानं नाक पुसलं. "तुज्या तात्याला काय कळतंय," ती म्हणाली. "सगळी पांगल्याबिगर तुजा बाप कधी पानावर बसला हुता का?"