वेणी घालताना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याची आई होती ती, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? पण आता भीती वाटते बाई, फार भीती वाटते, म्हणून तुम्हाला सांगते.

सासूबाई नामपूरच्या. सगळा जन्म कांद्याच्या खळ्यावर गेलेला, कुरकुर म्हणून माहीत नाही. नाशिकला आमच्याकडे राहायला आल्या आणि छातीत दुखायला लागलं. वेणी घालायला हात वर केले की थांबायच्या. फणी केसात तशीच, एक हात छातीवर. मी दारातून बघायचे. एकदा नाही — रोज.

हृदयाच्या डॉक्टरांनी समजावलं, की दुखणं किती पुढे गेलंय ते कशानं दुखतं यावरून ठरतं. जिना भरभर चढल्यावरच दुखत असेल तर गोळ्या देऊन बघू. अंघोळ, वेणीफणी एवढ्यानंही दुखत असेल तर थांबायचं नाही, लगेच ॲडमिट करायचं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई पदर सावरून गप्प. परक्या पुरुषासमोर बोलायचं ते सुनेनं, ही त्यांची रीत.

आणि मी — कसं सांगू? मी म्हणाले, जिना चढल्यावरच दुखतं.

का म्हणाले? सोमवारी मला शाळेत रुजू व्हायचं होतं. किती वर्षं वाट बघितलेली नोकरी. त्या ॲडमिट झाल्या असत्या तर उशाशी कोण बसणार होतं — मीच ना? वाटलं, महिनाभर जाऊ दे, मग सांगू. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, खरं ना आजी? त्या माझ्याकडे बघत आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "ती सांगस तेच खरं शे."

मी दारातून बघते, हे त्यांना माहीत होतं.

महिना काही गेला नाही. मी शाळेत होते तेव्हा त्या गेल्या. शेजारणीला आरशासमोर पडलेल्या सापडल्या. दहाव्याला सगळे म्हणाले, सुनेनं लय केलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता इतक्या वर्षांनी माझाच हात वर गेला की छातीत आवळून येतं. मी दार लावून वेणी घालते. परवा दार नीट लागलं नव्हतं, आणि बाहेर माझी सून उभी होती. उद्या तीच मला डॉक्टरांकडे नेणार आहे. चांगली आहे पोरगी. मलाही सगळे चांगलीच म्हणायचे.

मघाशी तिनं विचारलं, आई, डॉक्टरांना काय सांगू? मी म्हणाले, तू सांगशील तेच.