शेऱ्यांचा रकाना

यवतमाळहून पुण्यात येऊन मला दोन वर्षं झाली होती. चार जणांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी कामाला होते आणि सदाशिव पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट माझ्याकडे होती. मंडळ एक निवृत्त शिक्षिका चालवत. सगळे त्यांना बाई म्हणत.

डेटाबेसच्या रचनेत बदल करायचा तर मायग्रेशन लिहावं लागे. म्हणजे एक छोटी फाइल. बदल काय करायचा आणि नको असल्यास तो उलटा कसा फिरवायचा, दोन्ही तिच्यात. या दुसऱ्या भागामुळे मी फार निर्धास्त असायची.

स्थळांच्या तक्त्यात 'शेरा' नावाचा रकाना होता. वेबसाइटवर तो कुठेच दिसत नव्हता. वापरात नसेल असं धरून मी तो काढून टाकला. दुपारी बाईंचा फोन आला.

"अहो, माझे शेरे कुठे गेले?"

मंडळाच्या ऑफिसातल्या संगणकावर उघडणाऱ्या एका जुन्या पानावरून त्या तो रोज भरत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मी मायग्रेशन उलटं फिरवलं. रकाना परत आला, पण शेकडो ओळींत एक अक्षर नव्हतं. बॅकअप पाहायला गेले तर सर्व्हर बदलल्यापासून तो घेतलाच गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेठेत जाऊन मी सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून ऐकून घेतलं.

"उलटं फिरवायची सोय आहे म्हणालात ना?"

"आहे. पण त्यात मजकूर परत येत नाही."

"मग तिला सोय कशाला म्हणता?"

मी उभ्यानेच लॅपटॉप उघडला.

"बसा," त्या म्हणाल्या. "नावं वाचा. मी सांगते ते लिहा."

आठ दुपारी आम्ही तेच केलं. मी नाव वाचायचं, त्या क्षणभर डोळे मिटायच्या. "आई फार बोलते, मुलगा चांगला आहे." "पत्रिकेचा विषय नको, वडील चिडतात." "उंची दोन इंच वाढवून सांगितली आहे." मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ त्यांच्या लक्षात होतं.

एका मुलीच्या नावाला मात्र त्या थांबल्या. मी नाव पुन्हा वाचलं.

"आठवत नाही का?"

"आठवतं की. पण मी ते लिहायलाच नको होतं. पुढचं नाव घ्या."

अशा पाच-सहा ओळी रिकाम्या राहिल्या.

आमचे साहेब मला काहीच बोलले नाहीत. बॅकअपची जबाबदारी त्यांची होती. वर्षभराने मी हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत गेले. तिथे माझं प्रत्येक मायग्रेशन आणखी दोघं तपासत. रकाना काढायचा असला की मी आधी त्यातला मजकूर वाचायला बसायची, आणि ते दोघं घड्याळाकडे बघत थांबायचे.