मावशींचं उत्तर

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहायच्या. सत्तरच्या दशकात, मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत असताना, त्यांचे यजमान अचानक गेले. दुसऱ्या दिवशी आईने पिठलं-भाकरीचा डबा देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं.

मावशी रडत होत्या. मराठीत कुणाचं सांत्वन कसं करायचं ते मला येत नव्हतं, म्हणून इंग्रजी पुस्तकात वाचलेलं सांगितलं. "मावशी, प्राचीन ग्रीसचे स्टोइक तत्त्वज्ञ म्हणायचे, जे आपल्या हातात नाही त्याचा शहाण्याने शोक करू नये."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "व्हय? आमचा येशू तर मैतर मेला तवा रडला. आन् त्याला मेल्यातनं उठवणं त्याच्याच हातात व्हतं. बस पोरी, जरा माझ्यापाशी."

बसले तर मीही रडेन, या भीतीने परीक्षा जवळ आल्याचं सांगून मी निघाले. घरी येईपर्यंत स्वतःच्या कोरड्या डोळ्यांचं कौतुक करत राहिले.

परीक्षेत नेमकी स्टोइक आणि ख्रिस्ती विचारांची तुलना विचारली होती. मावशींचं बोलणं मी स्वच्छ इंग्रजीत, स्वतःचं म्हणून लिहिलं. गुण चांगले मिळाले. त्यानंतर त्यांच्या दारावरून मी मान खाली घालूनच जायचे.