पालकांसाठीचं जेवण

लोण्यात लसूण परतल्याचा वास आला की अकरावीतली ती दुपार आठवते. संभाजीनगरच्या कॉलेजात आमचा हॉटेल मॅनेजमेंटचा वर्ग होता आणि त्या दिवशी आम्ही मुलीच रांधून पालकांना वाढत होतो. गंगापूरहून आलेल्या माझ्या वडिलांनी माझ्या हातची भाजी पुन्हा मागून घेतली. मग मी शेजारच्या टेबलावरची ताटं उचलायला लागले, तसा त्यांचा घास हातातच राहिला. "लोकांची उष्टी काढायला शिकवतात व्हय इथं?" बाई म्हणाल्या, "अहो, पोरगी वर्गात पहिली आहे." "ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी मला एप्रन सोडायला लावला आणि घरी नेलं. शिक्षण तिथंच थांबलं, पुढं लग्न झालं. आता सासरी घरभराची उष्टी मीच काढते. परवा वडील आले, पोटभर जेवले, मी ताट उचलत असताना सासऱ्यांना कौतुकानं म्हणाले, "पोरीला लई चांगलं वळण लागलंय."