दोनदा वाकवलेला उजेड

सोलापुरातल्या एका शाळेत मी वीसएक वर्षं प्रकाशाचं वक्रीभवन शिकवलं. पितळी वाडग्यात नाणं ठेवायचं, ते दिसेनासं होईपर्यंत मुलांना मागे सरकवायचं आणि मग वाडग्यात पाणी ओतायचं. नाणं वर उचलल्यासारखं दिसू लागतं. मुलं ओरडायची. त्या वेळी मी वाडग्याकडे बघत नसे. खिडकीबाहेर बघायचो.

नोकरीला लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. लग्न नुकतंच झालेलं. आमच्या आळीत एक जुनी दगडी विहीर होती. उन्हाळ्यातही तिला दोन-अडीच पुरुष खोल पाणी असायचं. एका मे महिन्यात बायकोची माहेरची तांब्याची घागर दोर तुटून तिच्यात पडली. बायको तिथंच रडायला लागली.

अशा वेळी आळीत आबांना बोलावत. विहिरीत पडलेली भांडी बुडी मारून काढणं हेच त्यांचं काम. साठीला आलेला, हडकुळा माणूस. एरवी संध्याकाळी शिंदी घेत, पण बुडी मारायच्या दिवशी थेंब नाही. पोटात चहासुद्धा नसायचा. त्यांची पद्धत अशी, की काठावर एकाने आरसा धरायचा आणि उन्हाचा कवडसा पाण्यात, थेट भांड्यावर सोडायचा. खाली पाणी हिरवं-काळं. त्यात तेवढीच एक उजेडाची वाट. आबा त्या वाटेने उतरत.

त्या दिवशी आरसा मी धरला. सकाळचे नऊ वाजले असतील. आठ-दहा माणसं जमली होती.

"मास्तर, घागर दिसली की हात दगडावानी ठेवा," आबा म्हणाले. "मी उजेडाच्या मागनं जातो."

मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "आबा, घागर दिसते तिथं नसते. पाण्यात प्रकाश वाकतो. ती जास्त खोल आहे आणि माझ्या बाजूला आहे."

"व्हय की. पर त्यो आपला आपण वाकतो. तुमी नका वाकवू."

माणसं हसली. मी चिडून विचारलं, "खालून वर काय दिसतं, ते तरी ठाऊक आहे का?"

"समदं आभाळ थाळीएवढं दिसतंय. काठावरची माणसं त्या थाळीत वाकून बसल्यागत. तुमचं पुस्तक कोरडं हाय, मास्तर. मी भिजून आलोय."

पुन्हा हशा. आबांचं खरं होतं. तो थाळीएवढा गोल मी पुस्तकातली आकृती काढून शिकलो होतो. त्यांनी तो पाहिला होता.

पहिल्या बुडीत ते रिकामे वर आले. "हाताला लागली अन् निसटली. उजेड हितंच ऱ्हाऊ द्या. मघाशी तुमचा हात हलत व्हता, खालनं दिसतंय मला."

ते पुन्हा खाली गेले आणि मी आरसा फिरवला.

घागर माझ्या हिशेबाने जिथं 'खरी' होती, तिथं मी कवडसा नेला. अलीकडे, माझ्या पायाखालच्या भिंतीशी. किरणही वाकूनच आत जातो, म्हणजे दिसणाऱ्या घागरीवर टाकलेला उजेड बरोबर घागरीवरच पडतो, हे त्या क्षणी मला सुचलं नाही. आबांना न शिकता कळलेलं होतं. खाली त्या भिंतीचे दगड निखळून कपार झाली होती. उजेडामागून एक फिकट पाठ तिकडे वळताना मला दिसली. मग दिसेनाशी झाली.

इथवर चूक. पुढचं चूक नाही.

शेजारचा कुणीतरी म्हणाला, "मास्तर, कवडसा कुठं गेला?" आणि मी तो झटकन मूळ जागी आणला. कुणाला कळू नये म्हणून. तळाशी घागर लखलखली. तिच्याजवळ कुणी नव्हतं. माझा हात आता दगडासारखा स्थिर होता. आम्ही सगळे त्या चकाकीकडे बघत राहिलो आणि बुडबुडे माझ्या पायाखालून येत होते.

गळ, दोर आणि चार पोहणारे लावून आबांना त्या कपारीतून काढलं तेव्हा गिरणीचा दुपारचा भोंगा झाला होता. डोळे उघडे होते. दहाही नखांत भिंतीचा चुना भरला होता.

काय झालं, असं विचारल्यावर मी म्हणालो, "ऊन गेलं. ढग आला."

सोलापूरचा मे महिना. आभाळ तव्यासारखं कोरडं. पण मास्तर बोलतोय म्हणून कुणी वर पाहिलं नाही. चार दिवसांत आळीने ठरवलं, की आबा शिंदी पिऊन उतरले असणार. मी ते ठरू दिलं.

घागर दुसऱ्या दिवशी गळाला लागली. बायकोने ती पुन्हा भरली नाही. अंगणातल्या घंगाळाचा उजेड आढ्यावर हलायला लागला, की मी उठून पाणी ओतून देतो. त्या गोल थाळीत मी आरसा फिरवताना आबांना दिसलो असेन, हे मला माहीत आहे. पुढे गावात रेडिओ आला. त्याच्या लहरी विहिरीच्या पाण्यात पुरुषभर खोलीतच क्षीण होतात, असं मी वर्गात सांगायचो. उजेड पार तळापर्यंत जातो, हे मात्र फळ्याकडे तोंड करून सांगायचो.

गेल्या महिन्यात आबांच्या बायकोकडे गेलो. मावशी आता फार थकल्यात. उंबऱ्यात बसून मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी ढग नव्हता."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला. पत्र्यावर कुरडया घातल्या व्हत्या त्या दिशी. ढग आला असता तर उचलाय पळाले नसते व्हय?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगू? तुमी मास्तर, मी बुडीवाल्याची बायको. लोक म्हणाले, प्याला व्हता. पोरीच्या सोयरिकीतबी त्येच काढलं. लई ऐकलं मी." मग मान वर करून म्हणाल्या, "मला सांगून काय हुतंय, मास्तर? मला ठावंच हाय. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांगा."

मी तिथूनच आळीत गेलो. त्या दिवशी काठावर असलेल्यांतले तिघेच उरलेत. त्यांना विहिरीपाशी बोलावलं आणि सांगितलं. एकाने मान खाली घातली, एक उठून गेला. तिसरा म्हणाला, "जाऊ द्या हो मास्तर, जुनं झालं."

'आबा प्याले होते' हे ज्यांनी ऐकलं होतं असे बाकीचे कुठे कुठे पांगलेत, म्हणून हे लिहिलं. आबा प्याले नव्हते. उजेड मी हलवला.