अंधारातला वन्स मोअर

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. कलेसाठी माणसं सर्वस्व द्यायला तयार असतात, असं मी माझ्या भाषणांतून बऱ्याचदा सांगत आलो आहे. भाषणं बरी होत असत. स्वतः मी कलेसाठी एकदाच काही दिलं — आणि ते दुसऱ्याच्या मालकीचं होतं.

कुठून सुरुवात करू? गाण्यापासून करतो. तिथे मी निदान निर्दोष आहे.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात आमच्या घराची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच होती. माग दिवसरात्र चालत. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत नसे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला यायचा आणि तो ओरडून बोलायला लागला की आम्हाला तो उद्धट वाटायचा. शाळेत असताना एकदा मी रेडिओसमोर मामाचा टेपरेकॉर्डर ठेवून नाट्यसंगीताचा कार्यक्रम टेप केला. त्यात एक पद होतं. नायिका दारात उभी आहे, गेलेल्या माणसाची वाट बघते आहे. तो कुठे गेला, का गेला, याला नाटकात महत्त्व असेल, मला नव्हतं. गाणाऱ्या बाईंचं नाव इथे लिहीत नाही. सगळे त्यांना बाईच म्हणत, मीही तेच म्हणतो.

कॅसेट परत लावली तेव्हा कळलं की गाण्याबरोबर मागही टेप झाले आहेत. खटखट, खटखट — आणि तिच्या पलीकडे बाई. शेजारच्या खोलीत कुणी गात असावं आणि मधलं दार उघडत नसावं, तसं. शुक्रवारी गावातले माग बंद असतात. माझ्या कॅसेटमधले तेव्हाही चालू असत.

ते दार एकदा उघडावं, एवढीच माझी इच्छा होती. वीसेक वर्षं होती. हसू येतं ना? लोक घराची, परदेशाची इच्छा धरतात. मला एक पद आवाजाशिवाय ऐकायचं होतं.

दोन हजारच्या दशकात मी गावातल्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि आमच्या छोट्या सांस्कृतिक मंडळाचा चिटणीस होतो. नाटक मंडळ्या ठाण्याला येत, कल्याणला येत, नाशिकला जात. भिवंडी त्यांना बसच्या खिडकीतून दिसे. अशात कळलं की बाई तेच नाटक घेऊन शेवटच्या दौऱ्यावर निघाल्या आहेत. वय झालं होतं, पण भूमिका तीच करत होत्या. मला राहवलं नाही. प्रयोग भिवंडीत आणायचाच. प्रश्न होता हॉलचा, आणि हॉल होता हिराजीशेठचा.

हिराजीशेठच्या वडिलांनी जिथे भात लावला, तिथे शेठनी मंगल कार्यालय बांधलं होतं आणि आजूबाजूच्या जागा मागवाल्यांना आणि गोदामवाल्यांना दिल्या होत्या. त्यांनी मला बसवलं, ताक दिलं, आणि ताक संपायच्या आत हो म्हणाले.

"गाण्याचा नाटक हाय ना? आपल्याला त्यातला काय कलत न्हाय, सर. पण चांगली मानसा येतील. येऊ द्या."

चांगली माणसं म्हणजे आम्ही. म्हणजे मंडळातले ज्येष्ठ वैद्यकाका, मी, आणि पेन्शनीत गेलेले किंवा निघालेले लोक. आम्ही शेठबद्दल खासगीत विनोद करत होतो, हेही सांगून टाकतो. फलकावर त्यांचा फोटो बाईंच्या फोटोपेक्षा मोठा होता आणि फोटोत ते मोबाइलवर बोलत होते. त्यावर मी केलेला एक विनोद बराच फिरला. तो इथे देत नाही. आता तो मला तेवढा चांगला वाटत नाही.

प्रयोग रविवारी दुपारी ठेवला. तेव्हा लोडशेडिंग होतं, आणि त्या भागाची वीज संध्याकाळकडे जायची. वेळेवर सुरू झालं तर वीज जायच्या आत पडदा पडेल, असा माझा हिशोब. पण आधी सत्कार होते. हार, नारळ, पुन्हा नारळ. शेठ दोन वाक्यं बोलून खाली बसले. प्रास्ताविक माझ्याकडे होतं. संगीत रंगभूमीचा उदय मी सांगितला, उत्कर्ष सांगितला, आणि ऱ्हासाला लागलो तेव्हा विंगेतून कुणीतरी घड्याळ दाखवलं. पुढे मी सगळ्यांना सांगत आलो की सत्कारांमुळे उशीर झाला.

पडद्यामागे ऑर्गनवाल्या काकांनी मला बाजूला घेतलं होतं. आदल्या दिवशीचा नाशिकचा प्रयोग बाईंना जड गेला होता. बस पडघ्याला चहाला थांबली, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दही फुटत नव्हता. काका म्हणाले, "एकदा निभावून नेतील. दुसऱ्यांदा नाही. तुम्ही इथले. वन्स मोअर आला तर उभं राहून हात जोडा आणि लोकांना थांबवा. त्या स्वतः कधी नाही म्हणणार नाहीत."

नाही म्हणत नाहीत. संगीत नाटकातला हा जुना रिवाज आहे — प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला की नायिका मेलेली असली तरी उठून पुन्हा गाते. आम्ही रसिक लोक याचं कौतुक करतो. गाणाऱ्याला काय वाटतं, हे आमच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी पहिल्या रांगेत शेठच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्यांना बजावलं, "शेठ, आज वन्स मोअर द्यायचा नाही हं."

"ता काय असतं?"

मी समजावलं. शाळेत समजावतो तसं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मी कशाला देतोय? बाईंना बरा न्हाय तर गप ऱ्हायाचा." तोवर त्यांना हा प्रकारच ठाऊक नव्हता. मीच शिकवला. पुढे हे माझ्या उपयोगी पडलं.

तिसऱ्या अंकात ते पद यायला दोन संवाद उरले होते, आणि वीज गेली.

माइक गेला, पंखे गेले, हॉल काळाठिक्कर. रंगमंचावर कुणीतरी दोन इमर्जन्सी दिवे आणून ठेवले; त्यांच्या उजेडात बाई तेवढ्या दिसत होत्या. ऑर्गनला वीज लागत नाही. काकांनी सूर धरला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं — माग बंद पडले होते. हॉलच्या मागचे, बाजूचे, रस्त्यापलीकडचे, सगळे. भिवंडीत रविवारी एवढी शांतता मी ऐकली नव्हती.

त्या शांततेत, माइकशिवाय, बाई गायल्या.

मी वर्णन करणार नाही. करता येत नाही म्हणून नव्हे. मी मराठीचा शिक्षक आहे, मला कशाचंही वर्णन करता येतं. पण ते दार उघडलं होतं, आणि मी उंबऱ्यावर उभा होतो. आवाज थकलेला होता, हळू होता. शब्दाशब्दामध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. कॅसेटमध्ये श्वास कधी ऐकू आला नव्हता. त्या श्वास घेतात, हे मला तेव्हा कळलं.

पद संपलं. आणि मग कुणीतरी ओरडलं — "वन्स मोअर!"

आता सांगतो. तो मी होतो.

ठरवून ओरडलो नाही. पण ठरवलं नव्हतं म्हणजे काय? हात माझा, भाकरी माझी, आणि खाल्ली मात्र कुणी दुसऱ्यानेच? तो आवाज घोगरा आणि रांगडा होता, माझ्या ओळखीचा नव्हता. मला हात जोडून उभं राहायचं होतं. बाईंना पुन्हा गायला लावायचं नाही हे प्रेक्षकांत माहीत असलेले आम्ही दोघंच — मी आणि शेठ. मागून टाळ्या सुरू झाल्या, दहा ठिकाणांहून वन्स मोअर आला. शेजारी शेठची खुर्ची करकरली; ते उठून उभे राहिले. मी बसून राहिलो. मला ते पद पुन्हा हवं होतं. हे खरं आहे, आणि यापेक्षा चांगलं काही माझ्याकडे नाही.

बाईंनी नमस्कार केला. काकांनी ऑर्गनवर लांबण लावली, त्यांना घोटभर पाणी पिता यावं म्हणून. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. ध्रुवपद गेलं. अंतऱ्यात वर जायची जागा आली, आणि तिथे आवाज फाटला. फाटला म्हणजे — जिथे सूर असायला हवा, तिथे नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. मागे कुणीतरी हसलं, एक शिट्टी आली. बाईंनी उरलेली ओळ बोलून दाखवली, गद्यात, अगदी शांतपणे. दारात उभ्या राहिलेल्या बाईने गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशी.

आणि वीज आली, नेहमीपेक्षा बरीच लवकर. ट्यूबा फडफडल्या, माग सुरू झाले, आणि सगळ्या हॉलने माना उंचावून पुढे पाहिलं की तो पहिला ओरडणारा कोण. पहिल्या रांगेत एकच माणूस उभा होता. हिराजीशेठ. जनरेटर का चालू होत नाही ते बघायला ते उठले होते, आणि गाणं सुरू झालं म्हणून तिथेच थांबले होते.

प्रयोग कसाबसा संपला. पडद्यामागे चहा होता. वैद्यकाकांनी कप उचलायच्या आधीच तोंड उघडलं. "अशांना पहिल्या रांगेत बसवलं की हेच व्हायचं. तुम्ही सांगितलं नव्हतं का त्यांना?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "जाऊ द्या काका. त्यांना सवय नाही."

दोन्ही वाक्यं खरी होती, पाहा. शिवाय ऐकणाऱ्याला वाटावं, की मी शेठची बाजू घेतो आहे. एवढ्या सफाईने मी आयुष्यात दुसरं काही बोललो नाही.

शेठ तेवढ्यात आत आले होते. त्यांनी ते ऐकलं. आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबले.

"मी न्हाय वरडलो, सर. तुम्ही बाजूलाच व्हते ना. सांगा की यांना."

किती सोपं होतं? 'मी ओरडलो' — दोन शब्द. वैद्यकाकांनी मला नावं ठेवली असती, ऑर्गनवाल्यांनी तोंड फिरवलं असतं, चार दिवस चर्चा झाली असती. पण मी रसिक होतो हो. त्या गावात माझ्याकडे तेवढंच होतं.

"अंधार होता, शेठ," मी म्हणालो.

शेठ माझ्याकडे बघत राहिले. अंधारात आवाज कुठून आला हे शेजारच्या माणसाला कळतं की नाही? तुम्हीच सांगा. नको, सांगू नका.

मग ते बाईंच्या खोलीच्या दारापाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्या हालात झाला, म्हंजे आमचीच चूक. माफी करा." बाई आरशासमोर बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. बोलायला आवाज नव्हता.

दौरा पुढे गेला. त्या नाटकाचे मोजके प्रयोग नंतर झाले, असं कळलं. पण बाईंनी ते पद गाळून टाकलं होतं. काही महिन्यांनी मी एकदा ऑर्गनवाल्या काकांना फोन केला, ख्यालीखुशाली विचारायला. ते म्हणाले, "भिवंडीनंतर त्या जागेपाशी आल्या की घाबरतात." मी म्हणालो, अरेरे.

पुढच्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमासाठी मी पुन्हा शेठकडे गेलो. गेलो, हो. त्यांनी पुन्हा बसवलं, पुन्हा ताक दिलं. "नाटक नको, सर," ते हसून म्हणाले. "ऑर्केस्ट्रा ठेवा. तिथं वरडला तरी चालतंय." त्यांनी नंतर कधी आमच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत जागा घेतली नाही. मागे, दाराजवळ बसायचे. मी मंचावरून आग्रह करायचो, ते हात हलवून नको म्हणायचे, आणि लोक म्हणायचे, शेठ किती साधे आहेत.

आणि माझं काय झालं, म्हणाल तर एवढंच. ते पहिलं गाणं आता मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. डोळे मिटून, कान झाकून, गाव शांत असताना. दोन दिवे दिसतात, बाई दिसतात, सूर धरला जातो — आणि प्रत्येक वेळी दुसरंच गाणं सुरू होतं, ते फाटणारं. ती जागा येते, आणि हवा. एका पदासाठी मी वीस वर्षं वाट पाहिली, ते मिळालं, आणि पुन्हा मागून मी ते पुसून टाकलं. मला अजून ते ऐकायचं असतं. अजून. या वयात.

हिराजीशेठ गेल्या वर्षी गेले. शोकसभा मंडळाने घेतली, अध्यक्ष मी होतो. वैद्यकाका आता फार थकलेत, पण आवर्जून बोलायला उठले. त्यांनी तो किस्सा सांगितला — शेठ कसे मनस्वी रसिक, गाण्यातलं काही कळत नसताना अंधारात कसे भान हरपून वन्स मोअर ओरडले. लोक हसले, प्रेमाने हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या शेठच्या मुलाने डोळे पुसले. त्याने हा किस्सा पूर्वी ऐकलेला दिसत नव्हता.

मग अध्यक्षीय भाषणाला मी उठलो. शेठचं कलाप्रेम, असं म्हणालो. वैद्यकाकांनी सांगितलं त्यात मला काही भर घालायची नाही, असंही म्हणालो. शेवटी सर्वांचे आभार मानले.

शोकसभेत आभार मानत नाहीत. हे मला घरी आल्यावर आठवलं.